ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता : पर्वतीच्या पायथ्याच्या एका साक्षरता वर्गातील प्रकरण

पुण्यात पर्वतीच्या उताराला लागून दाटीने वसलेल्या एका वस्तीत, समाजमंदिराच्या खोलीत, संध्याकाळी महिलांचा एक प्रौढ साक्षरता वर्ग भरतो. हा वर्ग आणि २०२५ च्या पावसाळ्यानंतर त्यात घडलेली एक घटना हा या अभ्यासाचा विषय आहे. वर्गातील बहुतेक जणी सहकारनगर आणि सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी, पोळ्या, झाडलोट अशी कामे करतात. काही जणींनी वयामुळे कामे सोडली असून त्या घरी नातवंडे सांभाळतात. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका स्वयंसेवक म्हणून शिकवतात. संबंधितांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील या लेखनातून वगळले आहेत.

हा वर्ग केंद्र शासनाच्या ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमा’शी जोडलेला आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला हा कार्यक्रम १५ वर्षे व त्यावरील वयाच्या निरक्षर व्यक्तींसाठी असून त्याच्या शेवटी १५० गुणांची चाचणी होते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात. वर्गात येणाऱ्यांपैकी सगळ्याच निरक्षर नाहीत. सातवी-आठवी-नववीपर्यंत शिकून लग्नानंतर पुस्तकापासून तुटलेल्या काही जणी केवळ सोबतीला आणि मदतीला येऊन बसतात. ज्या दोघींभोवती हे प्रकरण फिरते, त्यांच्यापैकी एक अशीच नववी शिकलेली आहे. वस्तीत तिला सगळ्या ताई म्हणतात आणि रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत कोणाचाही अर्ज भरायचा असला की तिच्याकडेच येतात. दुसरी व्यक्ती म्हणजे पोळ्या करणाऱ्या एक मावशी, ज्या चाचणीची तयारी करत होत्या, अक्षर लावून वाचत होत्या आणि जोडाक्षरांपाशी अडत होत्या.

घटना

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतून २१ ते ६५ वयोगटातील पात्र महिलांना जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, बंधनकारक करण्यात आली. त्यासाठी संकेतस्थळावर स्वतःचा आधार क्रमांक देऊन आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा, त्यानंतर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक देऊन त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा आणि शेवटी काही बाबी स्वतः घोषित करायच्या, असा क्रम होता. योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाली असल्याचा इशारा त्याच सुमारास देण्यात आला होता.

वस्तीतल्या बायकांचा भिशीचा एक व्हॉट्सॲप गट आहे. त्या गटावर एका रात्री संदेश आला : ई-केवायसी न केल्यास पुढचा हप्ता बंद, सोबतची फाइल उघडून लगेच अर्ज पूर्ण करा. फाइलीला योजनेचेच नाव होते. ताईंनी संदेश नीट वाचला, फाइल उघडली, फोनने विचारलेल्या प्रत्येक परवानगीला होकार दिला, आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी खात्यातून पैसे गेले होते. त्या वर्गात आल्या तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, “मॅडम, ओटीपी मी कोणालाच सांगितला नव्हता.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ती फाइल म्हणजे ॲप बसवणारी एपीके फाइल होती. प्ले स्टोअरच्या बाहेरून अशी फाइल बसवली आणि तिला एसएमएस वाचण्याची परवानगी दिली, की बँकेकडून येणारा ओटीपी ते ॲप स्वतःच वाचते आणि पुढे पाठवते. फोनच्या मालकिणीने तोंडातून एक शब्दही काढण्याची गरज राहत नाही.

मावशींच्या फोनवरही तोच संदेश होता. त्यांनी तो उघडला नाही. त्यांच्या सांगण्यानुसार, योजनेचा पहिला अर्ज ज्या अंगणवाडी सेविकेने भरून दिला होता तिला विचारल्याशिवाय त्या योजनेच्या कोणत्याच गोष्टीला हात लावत नाहीत. त्यांचे पैसे वाचले, पण ई-केवायसीही झाले नाही, कारण त्यांच्या आधारला मुलाचा जुना मोबाइल क्रमांक जोडलेला होता आणि ते सिम केव्हाच बंद पडले होते. ओटीपी कोणाकडेच येत नव्हता.

नववी शिकलेली फसली आणि अक्षर लावून वाचणारी वाचली, एवढ्यावर थांबून अक्षरज्ञान निरुपयोगी ठरवणे चुकीचे आणि घातक ठरेल. मावशींना वाचवले ते विचारण्याच्या सवयीने, पण त्याच सवयीमुळे त्या प्रत्येक कामासाठी दुसऱ्याच्या वेळेवर आणि मर्जीवर अवलंबून आहेत. सेविका रजेवर असती तर दुसऱ्या कोणी सांगितले म्हणून त्यांनीही तीच फाइल उघडली असती. आणि ताई फसल्या त्या वाचता येत होते म्हणून नव्हे, तर जे वाचायला त्यांना शाळेने शिकवले होते तेवढेच त्यांनी वाचले म्हणून. संदेशातील मजकूर त्यांनी वाचला; तो कोठून आला, फाइल कोणत्या प्रकारची आहे, फोन परवानगी कशाची मागतो आहे, हे सगळे त्यांच्या लेखी मजकुराच्या बाहेरचे होते. पडद्यावर मात्र तोही मजकूरच असतो.

नियम अपुरा का पडतो

सायबर सुरक्षेविषयी वस्तीत आजवर जे काही पोहोचले आहे, त्याचा गाभा एका वाक्यात मावतो : ओटीपी कोणालाही सांगू नका. फलक, रिंगटोनसारख्या ऐकू येणाऱ्या सूचना, बँकेतले भित्तिपत्रक, सगळीकडे हेच वाक्य असते. वर्गातील प्रत्येकीला ते पाठ होते.

अडचण अशी, की या बायकांच्या रोजच्या जगण्यात हा नियम पाळताच येत नाही. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाला मोबाइलवर आलेला अंक सांगावा लागतो, तरच सिलिंडर मिळतो. योजनेचा अर्ज भरताना सेविकेला ओटीपी सांगावा लागला होता. सेवा केंद्रात उत्पन्नाचा दाखला काढताना खुर्चीवरचा मुलगा “मावशी, ओटीपी बोला” म्हणतो आणि मागे रांग उभी असते. सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाला रोज एक अंक सांगूनच आत जावे लागते आणि तो ओटीपी नाही हे समजण्याचा कोणताही मार्ग त्या अंकात नसतो. जो नियम दिवसातून अनेकदा मोडावाच लागतो, तो नियम माणूस मनातून काढून टाकतो. ताईंच्या बाबतीत तर नियम पाळूनही उपयोग झाला नाही.

म्हणजे येथे हवा होता तो विवेक : हा अंक कोणी पाठवला, कोणत्या कामासाठी, ते काम मी काढले होते का, आणि तो कोणाच्या हाती द्यायचा. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा ओटीपीच्या संदेशातच लिहिलेली असतात, आणि उरलेल्या दोहोंची त्यांवरून काढता येतात. खात्यातून किती रक्कम जाणार आहे आणि कोणाला, हेही अनेकदा त्यात असते. पण तो संदेश बहुधा इंग्रजीत असतो. मराठी नीट वाचणाऱ्या बाईलाही त्यातले फक्त सहा अंक दिसतात, आणि बाकीचा मजकूर म्हणजे अंकांभोवतीची नक्षी ठरते. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा धागा मला हाच वाटतो. व्यवहाराची संमती ज्या भाषेत मागितली जाते ती भाषा संमती देणारीला येत नसेल, तर तिच्या निष्काळजीपणाविषयी बोलण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.

व्याख्या कोठे कमी पडते

भारताच्या जनगणनेत सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते ती साक्षर मानली जाते. या कसोटीवर ताई साक्षर आहेत आणि मावशी आज-उद्या होतील. युनेस्कोने १९५८ मध्ये केलेली व्याख्याही जवळपास अशीच होती : दैनंदिन जीवनाविषयीचे छोटे, सोपे विधान समजून वाचता व लिहिता येणे. महाराष्ट्राने त्याच काळात, १९५९ मध्ये, सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू केली आणि गावेच्या गावे अक्षरओळखीच्या कामाला लावली. त्या काळाला ती व्याख्या पुरेशी होती. पत्र, पावती, सातबारा, एसटीची पाटी हे सारे कागद किंवा फलक होते. कागद वाचणारीकडून काही मागत नव्हता आणि वाचता वाचता तिच्या खिशात हातही घालत नव्हता.

पुढे व्याख्या विस्तारत गेली. या शतकाच्या आरंभी युनेस्कोच्या तज्ज्ञांनी ओळखणे, समजणे, अर्थ लावणे, निर्माण करणे, संवाद साधणे आणि हिशेब करणे या क्षमतांना साक्षरतेत जागा दिली. भारताच्या शिक्षण मंत्रालयानेही ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना कळवलेल्या व्याख्येत वाचन, लेखन व संख्याज्ञानासोबत डिजिटल आणि आर्थिक साक्षरतेसारख्या जीवनकौशल्यांचा समावेश केला, आणि ९५ टक्के साक्षरता ही संपूर्ण साक्षरतेच्या तोडीची मानली जाईल असे ठरवले. व्याख्या रुंदावली हे चांगलेच झाले, पण चाचणीचे १५० गुण अजून वाचन, लेखन आणि संख्याज्ञानातच वाटलेले आहेत. वर्ग ज्याची चाचणी होते तेच शिकवतो. त्यात शिक्षिकेचा दोष नाही.

डिजिटल साक्षरतेचा स्वतंत्र प्रयत्नही झाला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला २० तासांचे प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते : उपकरण चालवणे, ईमेल, माहिती शोधणे, शासकीय सेवा, रोखीविना व्यवहार. नावातच असल्याप्रमाणे ते ग्रामीण भागासाठी होते, त्यामुळे पुण्यातील वस्ती त्याच्या कक्षेत कधी आलीच नाही. शहरात राहणारी बाई डिजिटल जगाच्या जवळ असते, असे त्यामागचे गृहीतक असावे. ती जवळ असते हे खरे, पण फाटकाबाहेर उभी राहून. शिवाय उपकरण चालवता येणे हा निकष लावला, तर ताईंना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. फाइल उघडणे, ॲप बसवणे, अर्ज भरणे हे सर्व त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय पार पाडले होते.

बदललेला वर्ग

घटनेनंतर ताई काही दिवस गटातून बाहेर पडल्या आणि वर्गातही आल्या नाहीत. शरमेमुळे १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करायला उशीर झाला. शिक्षिकेने घरी जाऊन त्यांना सोबत घेतले आणि तक्रार नोंदवली; काही रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली, बाकीची गेली. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तेथून तिसऱ्यात वेगाने हलवले जातात, म्हणून तक्रार जितकी लवकर तितकी रक्कम अडण्याची शक्यता अधिक असते. अर्थात शरम हाही येथे शिकवण्याचाच विषय ठरतो. फसलेल्या बाईला घरात आणि वस्तीत काय ऐकावे लागेल याची भीती जितकी मोठी, तितका चोराला मिळणारा वेळ मोठा.

त्यानंतर शिक्षिकेने पुस्तकाचे पाठ आठवड्यातले काही दिवस बाजूला ठेवून बायकांच्या स्वतःच्या फोनमधील संदेश हाच पाठ केला. पहिल्यांदा रक्कम वाचणे घेतले, आणि तेथे एक गोष्ट उघडी पडली जी कोणाच्या लक्षात आली नव्हती. बँकेच्या संदेशात स्वल्पविराम आणि दशांशचिन्हासह ‘१,५००.००’ अशी रक्कम असते. नव्याने अंक शिकलेल्या काही जणी ती दीड लाख अशी वाचत होत्या, कारण टिंबानंतरचे दोन शून्य पैशांचे असतात हे पाठात आलेच नव्हते. पैसे आले की गेले हे सांगणारे इंग्रजी शब्द, रुपयांची इंग्रजी खूण, बँकेच्या नावाची रोमन आद्याक्षरे, एवढी मोजकी रोमन चित्रे जोडाक्षरे पुरी होण्याआधीच शिकवायची, असे शिक्षिकेने ठरवले. मराठी पक्की होण्याआधी रोमन नको, असा आक्षेप एका सहकारी स्वयंसेविकेने घेतला होता. तो आक्षेप शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने गैर नाही, तरी मला शिक्षिकेचा निर्णय योग्य वाटतो, कारण ज्या मजकुरावर घरचा पैसा टांगलेला आहे तो मजकूर क्रमाची वाट पाहत नाही.

मग पाठवणाऱ्याची ओळख आली. मे २०२५ पासून व्यावसायिक आणि शासकीय संदेशांच्या शीर्षकाला शेवटी एक रोमन अक्षर जोडले जाते : जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि शासनासाठी जी. दहा अंकी साध्या क्रमांकावरून आलेला ‘शासकीय’ संदेश संशयास्पद का, हे या एका अक्षराच्या आधारे समजावता आले. संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधायची, तेथून उलट, डावीकडे वाचत तिच्या लगेच आधी काय आहे ते पाहायचे आणि तेथे ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तरच पुढे जायचे, हेही बायकांनी घोटले. बनावट पत्त्यात योजनेचे किंवा राज्याचे नाव सुरुवातीला असते आणि खरी ओळख शेवटाला दडलेली असते. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या बाईला उलट दिशेने वाचायला सांगणे सोपे नव्हते. मावशींनी मात्र ते पटकन पकडले, कारण माणसाची ओळख आडनावावरून आणि गावावरून, म्हणजे शेवटून, लावण्याची सवय त्यांना होतीच.

विचारण्याची मावशींची सवय मोडायची की जपायची, हा प्रश्न वर्गात खरोखर चर्चेला आला. जाळ्याने जोडलेल्या जगात एकटीने सर्व समजून घेणे कोणालाच शक्य नाही. बँकेतला अधिकारीही दुसऱ्याला विचारतो. तेव्हा कोणाला विचारायचे, तिने सांगितलेले कसे ताडून पाहायचे आणि विचारायला कोणी नसेल तर काम उद्यावर कसे टाकायचे, हा साक्षरतेचाच भाग मानला गेला. “आत्ताच करा, नाहीतर बंद” या धमकीला “उद्या करीन” हे उत्तर देता येणे ही क्षमता कोणत्याही चाचणीत नाही, आणि ती आज अत्यंत गरजेची आहे.

ताई परतल्यावर त्यांनी स्वतःच्या आवाजात झाला प्रकार सांगणारा संदेश भिशीच्या गटावर पाठवला. कोणती फाइल, कोणती परवानगी, पैसे गेल्यावर कोठे फोन करायचा, हे त्यांनी क्रमाने सांगितले. वाचता न येणाऱ्या बायकांपर्यंतही तो पोहोचला. फलकावरच्या वाक्यापेक्षा वस्तीतल्या ओळखीच्या आवाजातला अनुभव अधिक विश्वासाने ऐकला गेला, असे शिक्षिकेचे निरीक्षण आहे. १९३० वर काय सांगायचे याचाही सराव झाला : बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. बारा अंक न चुकता फोनवर वाचून दाखवणे हा संख्याज्ञानाचा उत्तम पाठ ठरला, आणि तो कोणालाही कृत्रिम वाटला नाही.

नोंद ठेवण्यासाठी शिक्षिकेने एक साधी वही घातली. गुणांऐवजी त्यात त्या बाईने स्वतः पार पाडलेले काम लिहिले जाते : सिलिंडरच्या संदेशातला अंक बँकेच्या ओटीपीपासून वेगळा ओळखला, वीज तोडण्याची धमकी देणारा संदेश महावितरणचा नाही हे सांगून शेजारणीला थांबवले, बसवलेल्या ॲपची एसएमएसची परवानगी काढून टाकली. मावशींच्या नावापुढे, आधार केंद्रात जाऊन स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडून घेतल्याची नोंद आहे. पुण्यात फुले दांपत्याने १८५५ मध्ये श्रमकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली, त्यामागेही दिवसभर राबणाऱ्या माणसाचा लिखित व्यवहार त्याच्याच हाती यावा ही निकड होती. ही वही त्याच कामाची आजची नोंद आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणते.

वर्गाला न सुटलेले

एका गोष्टीपुढे मात्र वर्ग थांबला. वर्गातील एका शिकाऊ बाईला नवऱ्याने बऱ्याच वर्षांपूर्वी सोडले आहे. घटस्फोटाचा कागद नाही आणि तो हयात असल्यामुळे मृत्यूचा दाखलाही नाही. खरे संकेतस्थळ तिने स्वतः ओळखले, स्वतःचा ओटीपी स्वतः वाचून भरला. दुसरा ओटीपी त्याच्या फोनवर जाणार होता. तो मागण्यासाठी त्याला फोन करणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते आणि तिने तो केला नाही. येथे तिच्या क्षमतेत काहीही उणे नव्हते, आणि अशा प्रसंगाला डिजिटल निरक्षरतेच्या खात्यात टाकणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

वर्गात बसून तिने बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. मसुदा सर्वांनी मिळून केला, अक्षर तिचे होते. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्यायची, हे ताईंनी तिला सांगितले होते आणि ती पोच घेऊनच ती परतली. तिच्या अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.